धान्य बंद केले, कच्चे मांस सुरू केले, तरी पोट पुन्हा बिघडते: कारण कसे शोधावे

तक्रार साधारणपणे सारखीच असते. कुत्र्याला पातळ शी होते, कान आणि पंजे खाजतात, म्हणून कोणीतरी धान्य बंद करायला सांगते. धान्यरहित खाद्याचे महागडे पाकीट घरी येते आणि पहिले दोन आठवडे शी इतकी छान घट्ट होते की घरातल्या सगळ्यांना प्रश्न सुटल्यासारखे वाटते. तिसऱ्या आठवड्यात शीमध्ये शेंबडासारखा चिकट पदार्थ दिसू लागतो, चौथ्या आठवड्यात पुन्हा जुलाब होतात, मग कोणी कच्च्या मांसाचा सल्ला देते आणि तेच चक्र नव्या खर्चाने पुन्हा फिरू लागते. आमच्या घरी हे अकरा महिने चालले. खंड्या नावाच्या आमच्या २८ किलोच्या लॅब्रॅडॉरने त्या काळात पाच प्रकारचे खाद्य खाल्ले. शेवटी जी दोन कारणे सापडली, त्यांपैकी एकाचाही धान्याशी संबंध नव्हता.

चूक एखाद्या विशिष्ट पाकिटात नव्हती. प्रत्येक वेळी पोट बिघडले की आम्ही खाद्यच बदलत होतो, आणि खाद्य बदलले की मांस, चरबी, तंतू, उष्मांक आणि खाऊ हे सगळे एकाच दिवशी बदलत होते. त्यामुळे बरे कशाने वाटले आणि बिघडले कशाने, हे कळायला मार्गच उरत नव्हता. खाली दिलेला क्रम त्या अनुभवातून आणि आमच्या पशुवैद्यांनी घालून दिलेल्या शिस्तीतून आलेला आहे. त्यात मांजरांचा विषय वेगळा मांडला आहे, कारण मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे.

काही वेळा मात्र शोध घेत बसू नये. शीमध्ये रक्त असणे किंवा ती डांबरासारखी काळी होणे, वारंवार उलट्या, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच ठेवण्याची पोटदुखीची ढब, हाड गिळल्यानंतर कुंथणे, किंवा पिल्लाला जुलाब लागून ते सुस्त होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, एक-दोन दिवस काहीच खात नसेल तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. म्हणून 'भूक लागली की नवे खाद्य खाईल' हा हट्ट मांजरापुढे कधीही धरू नये.

आधी शी तपासावी, मग खाद्य

आपल्या हवामानात वारंवार पोट बिघडणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत पहिला संशय जंतांवर आणि जिआर्डियासारख्या एकपेशीय परजीवींवर घ्यायला हवा. जिआर्डियाचे कोश शीमधून रोज बाहेर पडत नाहीत, ते अधूनमधून पडतात; त्यामुळे एका नमुन्यात काही आढळले नाही म्हणजे परजीवी नाहीच, असे म्हणता येत नाही. एक दिवसाआड घेतलेले तीन नमुने तपासणे हा साधा उपाय आहे. खंड्याचा पहिला नमुना स्वच्छ आला होता आणि त्याच्या भरवशावर आम्ही पाच महिने खाद्याच्या पाकिटांवर पैसे उडवले. दुसऱ्यांदा तीन नमुने दिले तेव्हा तिसऱ्यात जिआर्डिया सापडला. औषधाच्या जोडीला त्याची शी तत्काळ उचलणे, अंथरूण गरम पाण्याने धुणे आणि मागचा भाग आंघोळीने स्वच्छ ठेवणे हेही करावे लागले, कारण केसांना चिकटलेले कोश चाटून कुत्रा स्वतःलाच पुन्हा लागण करून घेतो. खाद्य बदलल्यावर सुरुवातीला बरे वाटत होते, त्याचे एक कारण बहुधा हेच असावे: अशा दुखण्यात शी काही दिवस आपोआपही सुधारते आणि श्रेय नव्या पाकिटाला मिळते.

कुत्रा अधाशासारखा खात असूनही वाळत चालला असेल आणि शी भरपूर, फिकट व तेलकट होत असेल, तर स्वादुपिंडाकडून पाचक रस पुरेसा तयार होत नसण्याची शक्यता असते. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार विशेष आढळतो आणि रक्ताच्या एका चाचणीने तो ओळखता येतो. अशा कुत्र्याला भात द्यावा की मटण, यावर घरात कितीही वाद घातला तरी उपयोग होत नाही; त्याला आयुष्यभर पाचक विकरे (एन्झाइम) द्यावी लागतात.

यानंतर पाहायची ती वाटी. धान्यरहित कोरड्या खाद्यात बऱ्याचदा चरबी आणि उष्मांक जास्त असतात, पण घरात मोजायची वाटी मात्र जुनीच राहते. नुसत्या जास्त खाण्यानेही शी सैल होते. विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा काढण्यासाठी वजनाचा ०.७५ घात घेऊन त्याला ७० ने गुणतात. २८ किलोच्या कुत्र्यासाठी हा आकडा साधारण ८५० किलोकॅलरी येतो, आणि नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याची सुमारे १.६ पट, म्हणजे १३६० किलोकॅलरी, ही सुरुवात म्हणून ठीक असते. आम्ही वाटी सोडून स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरला, तेव्हा खंड्या रोज जवळपास सव्वापट खात असल्याचे दिसले. आजोबा सकाळच्या चहाबरोबर त्याला जी ग्लुकोज बिस्किटे देत होते, ती या हिशेबात धरलेलीच नव्हती. बिस्किटांत गहू आणि दूध दोन्ही असतात, म्हणजे धान्यरहित आहार आमच्या घरी एक दिवसही झाला नव्हता.

खाज असेल तर धान्यावर आळ घेण्याआधी

अन्नाची ॲलर्जी ही जवळजवळ नेहमी प्रथिनांची असते आणि ते प्रथिन कोणतेही असू शकते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ॲलर्जी सिद्ध झालेल्या कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यात गोमांस सुमारे ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, चिकन १५ टक्के आणि गहू १३ टक्के कुत्र्यांत कारणीभूत आढळला. मांजरांमध्ये गोमांस, मासे आणि चिकन हे वरच्या क्रमांकांवर होते. ही आकडेवारी प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतल्या कुत्र्यांची आहे. आपल्याकडे कुत्र्यांच्या ताटात चिकन, अंडे, दूध आणि दही हेच रोज असते, म्हणून संशयाची सुरुवातही तिथूनच करणे तर्काला धरून आहे. भात तर त्या यादीत फार खाली येतो. कुत्रा लांडग्याचा वंशज आहे म्हणून त्याला पिष्टमय पदार्थ पचत नाहीत, हा युक्तिवादही टिकत नाही: पिष्ट पचवणारे अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांमध्ये लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, हे २०१३ मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसून आले. पिढ्यान्‌पिढ्या भाकरीच्या तुकड्यावर राखण करणाऱ्या आपल्या गावठी कुत्र्यांना हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नव्हती. फक्त नुसती दूध-भाकरी हा पूर्ण आहार नव्हे, हे त्यासोबत लक्षात ठेवावे.

अन्नाची ॲलर्जी रक्ताच्या, लाळेच्या किंवा केसांच्या चाचणीवरून खात्रीने ठरत नाही. ती ठरवण्याचा विश्वासार्ह मार्ग एकच आहे: कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, किंवा पशुवैद्यांनी सुचवलेले जलविघटित (म्हणजे अगदी बारीक तुकड्यांत तोडलेल्या) प्रथिनांचे खाद्य, आठ आठवडे एवढेच देणे, आणि त्यानंतर जुने पदार्थ एकेक करून परत आणून पाहणे. पाच आठवड्यांत बऱ्याच कुत्र्यांची खाज कमी होते, परंतु नव्वद टक्क्यांहून अधिक कुत्र्यांचा निर्णय लागायला आठ आठवडे द्यावे लागतात. तिसऱ्या आठवड्यात 'फरक नाही' म्हणून सोडून दिलेली चाचणी ही चाचणीच नव्हे. गोचिडांचा आणि पिसवांचा बंदोबस्त या काळात कडक ठेवावा, नाहीतर पिसवांच्या चाव्याची खाज अन्नाच्या नावावर जमा होते.

आमच्या दोन चाचण्या फसल्या, त्या दोन्ही लेबल न वाचल्यामुळे. पाकिटाच्या पुढच्या बाजूवर मोठ्या अक्षरांत मेंढीचे नाव होते आणि मागच्या यादीत चौथ्या क्रमांकावर चिकन मील, म्हणजे चिकनची वाळवलेली पूड, होती. दुसऱ्या वेळी खाद्य बरोबर होते, पण महिन्यातून एकदा द्यायची चघळण्याची गोळी मांसाच्या चवीची होती. तिसऱ्या वेळी बकऱ्याचे शिजवलेले मांस आणि रताळे, एवढेच दिले. खंड्याने मटण पूर्वी चाखलेले नव्हते. ज्या घरात दर रविवारी मटणाची हाडे कुत्र्याला मिळतात, तिथे दुसरे मांस निवडावे लागेल. असा दोन पदार्थांचा आहार प्रौढ कुत्र्याला पशुवैद्यांच्या देखरेखीखाली तेवढ्या मुदतीपुरताच चालतो, वाढत्या पिल्लाला अजिबात चालत नाही. सातव्या आठवड्यात पंजे चाटणे थांबले. मग चिकन परत दिले आणि चौथ्या दिवशी कान लाल झाले. चिकन बंद करून सगळे शांत झाल्यावर भात दोन आठवडे दिला, त्यानंतर ज्वारी, त्यानंतर गहू. काहीही झाले नाही.

धान्यरहित पाकिटात काय असते

धान्यरहित म्हणजे पिष्टरहित, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. कोरड्या खाद्याचे दाणे यंत्रातून फुलवून काढताना ते एकसंध राहण्यासाठी पिष्ट लागतेच. तांदूळ किंवा मका काढला की त्याजागी बटाटा, टॅपिओका, वाटाणा, मसूर किंवा हरभरा येतो. लेबलवर कर्बोदकांचा आकडा सहसा नसतो, पण तो काढता येतो: प्रथिने ३०, चरबी १५, तंतू ४, पाणी १० आणि राख (म्हणजे खनिजे) ८ टक्के असेल, तर शंभरातून उरलेले ३३ टक्के म्हणजे कर्बोदके. (लेबलवरच्या 'क्रूड प्रोटीन' या शब्दांचा कच्च्या मांसाशी काही संबंध नाही, ती प्रथिने मोजण्याची एक पद्धत आहे. एका गृहस्थांनी त्याच शब्दांवर विसंबून साधे कोरडे खाद्य 'रॉ' समजून आणले होते.) घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि ताज्या मांसात सुमारे सत्तर टक्के पाणी असते, त्यामुळे पहिल्या क्रमांकावरचे मांस वाळल्यावर पहिले राहीलच असे नाही. वाटाणा, वाटाण्याचे प्रथिन आणि वाटाण्याचे तंतू अशी तीन वेगळी नावे दिसली, तर ती मनातल्या मनात एकत्र करून यादी पुन्हा वाचावी. ओल्या आणि कोरड्या खाद्याची तुलना पाणी वजा करूनच करावी: ८२ टक्के पाणी आणि ८ टक्के प्रथिने असलेल्या ओल्या पाकिटात कोरड्या वजनाच्या ४४ टक्के प्रथिने असतात, तर १० टक्के पाणी आणि २४ टक्के प्रथिने असलेल्या कोरड्या खाद्यात ती २७ टक्केही भरत नाहीत.

या खाद्यांबाबत हृदयाची एक शंका अजून मिटलेली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये, हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याच्या विकाराचा आणि कडधान्ये किंवा बटाटे मुख्य घटक असलेल्या खाद्यांचा काही संबंध आहे का, याची चौकशी जाहीर केली. जानेवारी २०१४ ते एप्रिल २०१९ या काळातल्या कुत्र्यांविषयीच्या ५१५ नोंदी त्यांच्याकडे आल्या आणि त्यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक खाद्ये धान्यरहित होती. कार्यकारणभाव मात्र सिद्ध झाला नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये, अर्थपूर्ण नवी माहिती मिळेपर्यंत पुढील निवेदने देणार नसल्याचे प्रशासनाने सांगितले. मला यातून एवढेच योग्य वाटते की, गव्हाची ॲलर्जी सिद्ध झालेली नसेल तर कडधान्यांनी भरलेले धान्यरहित खाद्य वर्षानुवर्षे देण्याचे कारण उरत नाही. आणि जे देत आहेत, त्यांनी कुत्रा लवकर दमू लागला, खोकू लागला किंवा भोवळ येऊन पडला, तर हृदयाची सोनोग्राफी पुढे ढकलू नये.

कच्चे मांस: शी वाचून काय कळते

कच्च्या आहारावर असलेल्या कुत्र्याची शी बरेच सांगते. ती पांढरट, खडूसारखी कोरडी असून कुत्रा कुंथत असेल, तर हाडांचे प्रमाण जास्त झाले आहे. ती काळपट आणि सैल असेल, तर बहुधा कलेजी आणि पोटा जास्त पडला आहे, कारण चिकनवाल्याकडे तेच स्वस्त मिळते. मात्र काळा रंग डांबरासारखा असेल तर तो रक्तस्राव समजावा. कलेजी एकूण आहाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास ठेवावी, कारण तिच्यातले अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते. नुसत्या कलेजीवर वाढवलेल्या मांजरांच्या मानेची हाडे अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने एकमेकांना जुळून ताठर होतात. शी तेलकट असेल तर कातडी आणि चरबी काढून पाहावी. एकदम भरपूर चरबी खाल्ल्याने स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

नुसता बिनहाडाचा खिमा देणाऱ्यांची चूक शीमध्ये दिसत नाही, ती हाडांत दिसते. ५०० ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये सुमारे १००० मिलिग्रॅम फॉस्फरस असते आणि कॅल्शियम जेमतेम ६०. कुत्र्याला ही दोन्ही साधारण समप्रमाणात, किंवा कॅल्शियम थोडे जास्त, लागतात. कमी पडलेले कॅल्शियम शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेते आणि पिल्लांचे पाय वाकतात, उडी मारताना हाडे मोडतात. एवढ्या मांसाला अंड्याच्या कवचाची ३ ग्रॅम बारीक पूड मिसळली, तर सुमारे ११०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते आणि हिशेब जुळतो. पण झिंक, आयोडीन, ई जीवनसत्त्व यांचा हिशेब त्याने जुळत नाही. म्हणून घरच्या आहाराचा तक्ता पशुपोषण जाणणाऱ्या पशुवैद्याकडूनच करून घ्यावा. शिजवलेली हाडे कोणत्याही कुत्र्याला देऊ नयेत, ती टोकदार फुटतात.

जंतूंचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनने २०१२ पासून कच्चे मांस न देण्याचा सल्ला दिलेला आहे, तो मुख्यतः साल्मोनेला, लिस्टेरिया आणि ई. कोलाय यांच्यामुळे. निरोगी दिसणारा कुत्राही शीमधून साल्मोनेला बाहेर टाकत राहतो आणि घरातल्या रांगत्या बाळाला, गरोदर बाईला किंवा वृद्धांना त्याची लागण होऊ शकते. गोठवल्याने हे जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात; वीज जाऊन मांस वितळले की पुन्हा वाढू लागतात. बाजारात लाकडी ओंडक्यावर उघड्यावर तोडलेले चिकन माणसाने शिजवून खावे या हिशेबानेच विकले जाते. मेंढी-बकरीच्या कच्च्या फुप्फुसांत आणि कलेजीत पाण्याचे फुगे असतील, तर ते फीतकृमीच्या अळ्यांचे कोश असू शकतात. कुत्र्याच्या आतड्यात ते कृमी निमूटपणे राहतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर माणसाच्या यकृतात मोठ्या गाठी होतात. आणि आता बर्ड फ्लूचीही भर पडली आहे: डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, त्यांच्या तपासणीत एच५एन१ विषाणू आढळला, आणि २०२५ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही तो सापडला. यानंतर मांजराला कच्ची कोंबडी देणे मला समर्थनीय वाटत नाही. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस तापले की हे विषाणू आणि जंतू मरतात.

मांजरांचे वेगळे गणित

मांजराला टॉरिन हे अमिनो आम्ल अन्नातूनच मिळावे लागते; ते कमी पडले की दृष्टिपटल आणि हृदय दोन्ही निकामी होत जातात, हा हृदयाचा संबंध १९८७ मध्ये सिद्ध झाला. अ जीवनसत्त्वही मांजराला गाजरातून मिळत नाही, प्राणिज पदार्थांतूनच मिळते. त्यामुळे दूध-पोळीवर किंवा वरण-भातावर ठेवलेले मांजर, आणि कुत्र्याच्या वाटीतले खाणारे मांजर, ही दोन्ही हळूहळू आजारी पडतात. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून चिकन उकळून वरचे पाणी फेकून देण्याची सवय मोडावी आणि ते पाणी अन्नातच घालावे. त्यात कांदा-लसूण मात्र पडलेला नसावा, कारण तो कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा तंगडीच्या आणि हृदयाच्या मांसात टॉरिन कितीतरी जास्त असते. मासे शिजवूनच द्यावेत, कारण काही कच्च्या माशांतले विकर बी१ जीवनसत्त्व नष्ट करते आणि मांजराची मान वाकणे, तोल जाणे, झटके येणे असे प्रकार होतात.

कुत्रा असो वा मांजर, कोणताही बदल सात ते दहा दिवसांत करावा: आधी पाव हिस्सा नवे, मग निम्मे, मग पाऊण, आणि मांजराच्या बाबतीत यापेक्षाही सावकाश. बदल सुरू असताना खाऊ, कॅल्शियमची पूड, तेल यांतले दुसरे काहीही नवे आणू नये. पशुवैद्यांकडे जाताना पाकिटाच्या पुढच्या बाजूऐवजी मागच्या बाजूचा फोटो न्यावा, आणि सोबत तीन आठवड्यांची वही: तारीख, खाद्याचे वजन, खाऊ, शीचा प्रकार, खाज. आमच्या वहीतला खाऊचा रकाना पहिले आठ दिवस कोरा होता. आजोबांना वही दाखवल्यावर त्यांनी स्वतःच पेन घेऊन बिस्किटांचे आकडे भरले, आणि तेव्हापासून चहाच्या वेळी खंड्याला त्याच्या रोजच्या वजनातूनच बाजूला काढलेले रताळ्याचे दोन तुकडे मिळतात.